पेटीच्या आखूड बाजूला नाव घालणारी मुलगी

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यातले. आमची थोडी हापूसची कलमं आहेत आणि घराला लागून किराणा मालाचं दुकान. धाकटी मुलगी अकरावी सायन्सला आहे, जूनमध्ये बारावीत जाईल. दहावीला ८९ टक्के होते. चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा ए ग्रेडने पास झाली. आता मात्र गणितात अडखळते, आणि वह्यांच्या मागच्या पानांवर सगळी चित्रंच असतात.

तिच्या बाबांचं म्हणणं, फार्मसी कर, इथेच मेडिकल टाकू. ‘चित्रां काढून पोट भरतला काय?’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुंबईची आत्या म्हणते आर्किटेक्ट हो. शाळेतले चित्रकलेचे सर म्हणतात मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टला पाठवा. ती स्वतः एक दिवस अ‍ॅनिमेशन म्हणते, एक दिवस फॅशन, आणि जास्त विचारलं की ‘मला नाही माहीत’ म्हणून रडते. त्यात आता मोबाइलच चित्रं काढून देतो असं सगळे म्हणतात.

मुलगी आळशी नाही. चतुर्थीला मखर तीच करते. मागच्या सिझनला तिने आमच्या पेटीचं लेबल नव्याने केलं. त्यावरचं आंब्याचं चित्र काढून टाकलं म्हणून बाबा रागावले होते. ‘पेट्या टेम्पोत रचल्यावर वरची बाजू दिसतेच कुठे?’ असं म्हणून तिने आमचं नाव पेटीच्या आखूड बाजूला घातलं आणि डझनाचा आकडा मोठा केला. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने फोन करून सांगितलं की ढिगात तुमची पेटी लगेच ओळखता येते. असं काहीबाही करत असते. पण यातून कोर्स कुठला निवडायचा, ते आम्हाला दोघांनाही कळत नाही. सायन्स सोडायला लावू का? पैसे वाया गेले तर?

– एक आई, देवगड तालुका

उत्तर

ताई,

लेबलाच्या त्या ओळी तुम्ही जाता जाता लिहिल्यात आणि पुढे ‘काहीबाही’ म्हणून मोकळ्या झालात. मला तर तुमच्या अख्ख्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती तिथेच मिळाली. टक्के, ग्रेड, गणिताचे मार्क यांतून जे कळत नाही, ते त्या पेटीतून कळतं.

तिने काय केलं ते नीट बघा. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळवलेल्या मुलीला रसरशीत आंबा काढणं कठीण नव्हतं. मिरवायची ती चांगली संधी होती. पण तिने आंबा काढून टाकला, कारण हापूसच्या प्रत्येक पेटीवर आंबाच असतो आणि त्यावरून पेटी कोणाची ते कळत नाही. मग तिने पेटीचा प्रवास डोळ्यांसमोर आणला. टेम्पोत, गाळ्यावर, दुकानात पेट्या एकावर एक चढतात, वरची बाजू झाकली जाते, आणि समोर उभ्या माणसाला दिसते ती आखूड बाजू. त्या माणसाला दोनच गोष्टी हव्या असतात: माल कोणाचा आणि किती डझन. तिने त्या दोन गोष्टी त्याला दिसतील तिथे, दिसतील एवढ्या मोठ्या केल्या. हे तिला कोणी शिकवलं नाही, आणि बाबा रागावले तरी तिने ते बदललं नाही.

ज्या मुलांना आपण सरसकट ‘हात चांगला आहे’ म्हणतो, त्यांत फार वेगवेगळी माणसं असतात. एखाद्या मुलाला रंगातच रमायचं असतं. समोर कोणी बघणारा असो नसो, कागदावर निळ्याच्या शेजारी कुठला हिरवा ठेवायचा यात त्याची दुपार जाते. एखादीला गोष्ट सांगायची असते, चित्र हे तिचं निमित्त. एखादा गणपतीच्या चित्रशाळेत जाऊन बसतो, कारण त्याला मातीचं वजन आणि गोलाई हाताला हवी असते. आणि काही मुलं अशी असतात की ती आधी समोरच्या माणसाची अडचण बघतात आणि मग पेन्सिल उचलतात. या प्रत्येकाचा कोर्स वेगळा, त्याचा पुढचा रोजचा दिवसही वेगळा. म्हणून ‘कुठल्या कोर्सला स्कोप आहे’ हा प्रश्न मी शेवटी ठेवते. आधी बघायचं ते हे, की कोणी न सांगता मूल कामाचा कुठला भाग हातात घेतं आणि कुठला भाग पूर्ण करतं.

मखराचंही तसंच बघा. येत्या चतुर्थीला तिच्यावर लक्ष ठेवा. ती रंगसंगतीत अडकते, की आरतीला उभ्या राहणाऱ्या बायकापोरांना मागून मूर्ती दिसेल का, समईची धग थर्माकोलला किंवा कागदाला लागेल का, विसर्जनानंतर हे पुढच्या वर्षी वापरता येईल का, असले प्रश्न तिला पडतात? विचारू नका, नुसतं बघा. विचारलं की मुलं आपल्याला आवडेल ते उत्तर देतात.

आपल्याच किनाऱ्यावरचं एक उदाहरण देते. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर १८९१ साली अलिबागजवळच्या सासवन्याला जन्मले. घरी गणपती बनवायचे काम. पोरगा हुशार, हात चांगला, हे गावाला माहीत होतं. त्याने देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. ते त्या वेळचे कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी पाहिलं, आणि त्यांच्यामुळे हा मुलगा मुंबईला जेजेत शिकायला गेला. पुण्यातला शिवाजी महाराजांचा १९२८ सालचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा त्याच करमरकरांचा. गाव ती भिंत रोज बघत होतं. एका माणसाने ती पाहून पुढे काय करायला हवं ते ओळखलं. तुमच्या घरात ती भिंत म्हणजे ही पेटी आहे. आता ती ओळखण्याचं काम तुमचं आणि तिच्या बाबांचं.

आता कोर्स.

पेटीचं काम ज्या शाखेत मोडतं तिला कला महाविद्यालयांत उपयोजित कला, म्हणजे अप्लाइड आर्ट म्हणतात आणि डिझाइनच्या संस्थांत कम्युनिकेशन किंवा ग्राफिक डिझाइन. वेष्टन, पुस्तकाची मांडणी, अक्षरं, स्टेशनवरच्या आणि दवाखान्यातल्या पाट्या, मोबाइलच्या अ‍ॅपमधली बटणं कुठे असावीत हे ठरवणं, संग्रहालयातली मांडणी, असं सगळं त्यात येतं. तुमच्या पत्रावरून माझा कल स्पष्ट याच बाजूला आहे.

इतर नावं मी झटपट बाजूला करते, पण कारण सांगून. आर्किटेक्चरचा कोर्स पाच वर्षांचा. त्याला बारावीत गणित आणि फिजिक्स लागतं आणि नाटाची परीक्षा द्यावी लागते. गणित जरा कच्चं असणं हा त्यातला मोठा अडसर नाही. खरा प्रश्न हा की तिला जागेची ओढ आहे का? पडवीत ऊन कधी येतं, जुन्या घराचं माजघर गार का राहतं, असल्या गोष्टींवर ती कधी बोलते का? तुमच्या पत्रात तसं काही दिसलं नाही. आत्याने सुचवलं ते प्रतिष्ठेचं म्हणून सुचवलं असावं. फॅशनचं ती बोलते खरी, पण पत्रात एकदाही सुई-दोरा, कापड, शिलाई मशीन आलेलं नाही. ज्या मुलीला कपड्याची खरी आवड असते तिने आतापर्यंत आईच्या निदान एका साडीला कात्री लावलेली असते.

अ‍ॅनिमेशनचा निकाल तुम्ही घरीच लावू शकता. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात. प्रत्येक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी एका सेकंदाला १२ चित्रं लागतात. तिला सांगा, वहीच्या कोपऱ्यात लाटेवर हलणारी होडी काढ, दोन सेकंदांची. म्हणजे २४ चित्रं झाली. पानं फडफडवून बघू दे. होडी नीट डोलली नाही म्हणून ती आपणहून परत काढायला बसली, तर अ‍ॅनिमेशनचा विचार गंभीरपणे करा. आठव्या-दहाव्या चित्राला कंटाळली, तर तिला अ‍ॅनिमेशन बघायला आवडतं एवढाच त्याचा अर्थ. त्यात वाईट काही नाही.

गोष्टीची आवड तपासायची असेल तर तिला कुडाळजवळच्या पिंगुळीला घेऊन जा. तुम्हाला फार लांब नाही. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा टिकवली आहे. त्याच कामासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. एकेक चित्र समोर धरून गाण्यातून कथा पुढे नेतात, ते बघताना तिचं लक्ष कुठे जातं ते पाहा: रेषेकडे, कथेकडे, बाहुलीच्या दोऱ्यांकडे, की समोर बसलेल्या माणसांकडे.

तुमचा थेट प्रश्न, सायन्स सोडायला लावू का? नको. आता मध्येच शाखा बदलण्यात वर्ष आणि धीर दोन्ही जातात, आणि मिळत काहीच नाही. डिझाइनच्या प्रवेशपरीक्षांना बारावी कुठल्याही शाखेची चालते, फाइन आर्टलाही तेच. तिने सायन्सची बारावी नीट पास व्हावी, बस. इंजिनिअरिंगच्या क्लासचा ताण मात्र डोक्यावरून काढून टाका. त्या तासांची तिला दुसरीकडे गरज आहे.

परीक्षा कुठल्या द्यायच्या तेही सांगते, कारण यातली सगळ्यात मोठी हळहळ एकच असते: कळलं तेव्हा फॉर्मची तारीख गेलेली होती. आपल्याकडे बारावीचा निकाल लागला की मग चौकशी सुरू होते. कोकण बोर्डाचा निकाल राज्यात वर्षानुवर्षं पहिला असतो, पण डिझाइनच्या परीक्षांचे फॉर्म त्याच्या कितीतरी आधी, पाऊस सरता सरता सुटतात. बारावीच्या वर्षात गणपती झाले की दर आठवड्याला त्या संस्थांच्या वेबसाइट बघायच्या, हे तिच्यावर सोपवा आणि तुम्हीही लक्ष ठेवा.

पहिली परीक्षा यूसीड. ती आयआयटी मुंबई घेते, साधारण जानेवारीत. तिच्या गुणांवर मुंबई, दिल्ली, गुवाहाटी, हैदराबाद अशा आयआयटींत बी.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या चार वर्षांच्या पदवीला प्रवेश मिळतो, आणि त्याला जेईई लागत नाही. हे बाबांना मुद्दाम सांगा. आयआयटी मुंबईतलं डिझाइनचं केंद्र, आयडीसी, १९६९ पासून आहे. पेपर तीन तासांचा. पहिला भाग कॉम्प्युटरवर, दुसरा कागदावर हाताने चित्र काढायचा. बारावीचं अवघड गणित त्यात नसतं. आकृती मनातल्या मनात फिरवणं, साधा हिशोब, बारीक निरीक्षण आणि रोजच्या वस्तू कशा चालतात याची समज तपासतात. पेपर इंग्रजीत असतो, म्हणून मराठी माध्यमातून आलेल्या मुलीने आत्तापासून रोज थोडं इंग्रजी वाचावं. लागोपाठच्या दोन वर्षांत मिळून ही परीक्षा दोनदाच देता येते, हेही लक्षात ठेवा.

दुसरी अहमदाबादच्या एनआयडीची, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनची. ही संस्था १९६१ची, आता देशात इतरत्रही तिची भावंडं आहेत. आधी लेखी पूर्वपरीक्षा, त्यातून निवडलेल्या मुलांची पुढची फेरी. त्या फेरीत स्टुडिओ टेस्ट असते, म्हणजे पुढ्यात साहित्य ठेवतात आणि काहीतरी बनवायला सांगतात. मखर करणाऱ्या पोरीला याची भीती वाटायचं कारण नाही. तिथे पहिलं वर्ष पायाभूत असतं आणि नेमकी शाखा त्यानंतर ठरते. सतराव्या वर्षी ‘मला नाही माहीत’ म्हणून रडणाऱ्या मुलीसाठी ही फार मोठी सोय आहे. तिला हे सांगा, तिचं निम्मं रडू थांबेल.

आणि तिसरा रस्ता बी.एफ.ए.चा, म्हणजे फाइन आर्टच्या पदवीचा, तोही चार वर्षांचा. सरांनी सुचवलेलं जेजे त्यातच येतं. १८५७ साली सुरू झालेली ही संस्था, आणि उपयोजित कलेचा विभाग तिथे १९३५ पासून. २०२३ साली जेजेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे सरांच्या किंवा एखाद्या जुन्या विद्यार्थ्याच्या आठवणीवर विसंबू नका. प्रवेश कसा होणार हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच वाचा. राज्यातल्या बाकीच्या कला महाविद्यालयांची प्रवेशपरीक्षा राज्याचा सीईटी कक्ष घेतो. जवळचे पर्याय म्हणाल तर चिपळूण तालुक्यात सावर्ड्याला सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट आहे. कोकणातल्या मुलांना चित्र-शिल्पाचं शिक्षण घराजवळ मिळतं ही मोठी गोष्ट. पण तुमच्या मुलीला लागणारी उपयोजित कलेची पदवी तिथे त्या वर्षी आहे का, ते विचारून घ्या. पणजीला आल्तिन्योवर गोवा कॉलेज ऑफ आर्ट आहे, देवगडहून मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. गोव्याबाहेरच्या मुलांसाठी किती जागा आहेत, ते आधी फोन करून विचारा. पुण्यात अभिनव आणि भारती विद्यापीठाची कला महाविद्यालयं आहेत.

एनआयडी आणि आयआयटीत जागा शेकड्यांत आणि बसणारी मुलं हजारांत. चांगल्या चांगल्या मुलांचा नंबर लागत नाही. म्हणून तिन्ही रस्त्यांचे फॉर्म भरा. बी.एफ.ए. करून पुढे सीडची परीक्षा देऊन आयआयटीत एम.डेस., म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी करता येते. सीडला वयाची अट नाही, कितीदा द्यायची याचीही नाही. म्हणजे बारावीनंतर दार एकदा हुकलं तरी ते कायमचं बंद होत नाही.

शहरातल्या महागड्या क्लासला मुलीला महिनोन्‌महिने ठेवण्याच्या मी विरोधात आहे. क्लास परीक्षेची पद्धत सांगतात, वेळेत पेपर कसा सोडवायचा ते सांगतात. तेवढ्यासाठी जुने पेपर वेबसाइटवर फुकट मिळतात. जे खरं लागतं ते देवगडातच आहे. रोज तासभर समोरचं बघून काढायचं. बंदरावर लिलावाला उभी राहिलेली माणसं, त्यांचे हात, बर्फ फोडणारा, जाळं विणणारा. आंबा भरताना पेंढा आणि फळ कसं लावतात तेही काढायचं. फोटोवरून नाही, समोर उभं राहून. आणि आठवड्यातून एक दिवस गावातली एखादी अडचण उचलायची. एसटी स्टँडवरचं वेळापत्रक म्हाताऱ्या माणसाला वाचता का येत नाही? तुमच्याच दुकानात वाणसामान शोधायला वेळ का लागतो? कागदावर तीन वेगळे उपाय काढायचे, तारीख घालून ठेवायचे. पुढे पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या कामांचा संग्रह मागतात तेव्हा हीच पानं कामाला येतात. पेटीचं जुनं लेबल, नवं लेबल आणि टेम्पोत रचलेल्या पेट्यांचा फोटो हे त्यातलं पहिलं पान. आणि पुण्याच्या गिऱ्हाइकाचा तो फोनही तिथे लिहून ठेवायला सांगा.

मोबाइल चित्रं काढतो त्याचं काय, हा प्रश्न मी हलका समजत नाही. लग्नपत्रिका, साधे बॅनर, शुभेच्छांची चित्रं अशी कामं कमी होत चालली आहेत आणि आणखी होतील. म्हणूनच ‘सहा महिन्यांत सॉफ्टवेअर शिका, लगेच नोकरी’ अशा जाहिरातींना भुलू नका. नुसतं सॉफ्टवेअर चालवणाऱ्याचीच जागा आधी जाते. मोबाइलला आंब्याच्या पेटीचं लेबल मागितलं तर तो मिनिटात दहा करून देईल, आणि दहाही लेबलांवर पिवळाधमक आंबा असेल. पेटी रचल्यावर कुठली बाजू दिसते हा विचार माणसाने आधी केला असेल तरच त्याला विचारता येतं. तुमची मुलगी तो विचार करते. चांगल्या संस्थेतली चार वर्षं त्याच सवयीला धार लावण्यात जातात. हत्यारं बदलत राहतील आणि ती बदललेली हत्यारंही तिला शिकावी लागतील, हे तिला आत्ताच सांगून ठेवा.

आता बाबांबद्दल. त्यांचं वाक्य कडू वाटलं तरी त्यांची भीती खरी आहे. मोहोर आला की तुडतुडे आणि फुलकिडी, त्यातून वाचला तर अवकाळी पाऊस, आणि वर्षाचं उत्पन्न दोन महिन्यांत ठरतं. असं आयुष्य काढलेल्या बापाला लेकीसाठी दर महिन्याला येणारा पैसा हवासा वाटला तर त्यात गैर काय? मेडिकलचं दुकान हा चांगला, अब्रूचा धंदा आहे. पण काउंटरमागे रोज बारा तास तिला उभं राहायचं आहे, आणि ज्या मुलीचं मन तिथे नाही तिच्याकडून ते दुकान चालणार नाही. हे त्यांना भांडून सांगू नका. त्यांना तिने केलेल्या कामाचा धंद्याच्या भाषेत हिशोब दाखवा. नवीन लेबलानंतर किती गिऱ्हाइकं पेटी ओळखून परत आली, किती नवीन मिळाली, ते या सिझनला एका वहीत लिहून ठेवा. बागायतदाराला हा हिशोब माझ्यापेक्षा चांगला समजतो.

आणि त्यांना एकदा जेजे दाखवा, मुलीबरोबर. वार्षिक प्रदर्शनाच्या तारखा बघून जा. कणकवलीहून कोकणकन्येत बसलात की सकाळी सीएसएमटीला उतरता, आणि तिथून जेजे चालत काही मिनिटांवर. भिंतीवर मुलांनी केलेली कामं लावलेली असतात, शेजारी ती करणारी मुलंही असतात. बाबांनाच विचारू द्या: बाळा, गाव कुठलं, खर्च किती येतो, वरच्या वर्गातली मुलं कुठे लागली? ही उत्तरं त्यांना विद्यार्थ्यांकडूनच मिळू देत. कुठल्याही कॉलेजला पैसे भरण्याआधी हे करा, विशेषतः ज्या खासगी संस्थांच्या जाहिराती चकचकीत असतात तिथे. पदवी कुठल्या विद्यापीठाची मिळते, चारही वर्षांची मिळून फी किती आणि मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलांशी बोलायला मिळेल का, हे तीन प्रश्न लेखी विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तिथून उठा.

पैशाचं शांतपणे बघू. सरकारी आणि अनुदानित कला महाविद्यालयांची फी खासगी डिझाइन संस्थांच्या मानाने फारच कमी असते. मुंबई-पुण्यात फीपेक्षा राहण्या-जेवणाचा खर्च जड जातो, म्हणून प्रवेशाबरोबरच वसतिगृहाची चौकशी करा. एनआयडी, आयआयटीचा चार वर्षांचा खर्च लाखांत जातो, तिथल्या शिष्यवृत्त्या उत्पन्नावर असतात. राज्य सरकारने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी माफ केली आहे. तुम्ही त्यात बसता का आणि निवडलेला कोर्स त्यात येतो का, हे कॉलेजच्या कार्यालयात प्रवेशाआधीच विचारा. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. या सगळ्याचे अर्ज महाडीबीटीच्या पोर्टलवर होतात. कर्ज काढावंच लागलं तर साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागायचं नसतं. कलमं गहाण टाकायची वेळ येऊ देऊ नका, आणि कोणी तसा सल्ला दिला तर दुसऱ्या बँकेत जा.

मुलीला माझा एक निरोप द्या. या वर्षी तिने करिअर ठरवायचं नाही. तीन फॉर्म भरायचे, रोज तासभर काढायचं आणि बारावी पास व्हायचं. नेमकी शाखा पुढे ठरेल. आणि तिच्या भावंडांसमोर, पाहुण्यांसमोर ‘हिचं काय होणार’ ही चर्चा थांबवा. त्या प्रश्नाला सतराव्या वर्षी कोणाकडेच उत्तर नसतं, आणि तो रोज कानावर पडला की चांगली मुलंही हात आखडता घेतात.

राहिली कागदपत्रं. अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा आणि नॉन-क्रीमी लेयरचा, हे सगळं तिच्या बारावीच्या वर्षात दिवाळीच्या सुट्टीत काढायला टाका. उत्पन्नाचा दाखला आर्थिक वर्षाचा असतो, तो एप्रिलनंतर नव्याने काढावा लागेल. मे-जूनमध्ये सेतूत रांगा लागतात, सर्व्हर बंद असतो, आणि तेव्हाच तुमचा आंबाही भरात असतो. आधारवरचं आणि दहावीच्या सर्टिफिकेटवरचं नाव, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, तेवढं आजच बघून घ्या.